सुपरमार्केटच्या खरेदी विभागात ग्रॅज्युएट ट्रेनी: जाऊ का?

पोटली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ.

मी लातूरची. यंदा बी.कॉम. झालं. बाबा मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मुनीम आहेत, त्यामुळे तूर, सोयाबीन, हरभऱ्याचे भाव आमच्याकडे रोज जेवताना निघतात. सुट्टीत मीही दुकानावर पट्ट्या (शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या) लिहायला जायचे.

एका सुपरमार्केट साखळीत 'ग्रॅज्युएट ट्रेनी, बाइंग अँड मर्चंडायझिंग' म्हणून अर्ज केला होता. ऑनलाइन परीक्षा आणि व्हिडिओ मुलाखत झाली, आता शेवटची फेरी नवी मुंबईला आहे. दीड वर्षाचं ट्रेनिंग: सहा महिने दुकानात, तीन महिने डेपोत, बाकीचे मुख्यालयात एखाद्या बायरच्या हाताखाली. महिना बावीस हजार.

मामा म्हणतात, "कसली खरेदी, शेवटी बिलिंगला बसवतील. त्यापेक्षा बँकेची तयारी कर." बाबा काहीच म्हणत नाहीत, फक्त एवढंच विचारलं की तिथे सौदा कोण करतं? मला उत्तर देता आलं नाही. यार्डातलं जे थोडंफार कळतं त्याचा तिथे उपयोग होतो का? आधी एमबीए करून मग जाणं बरं का? आणि शेवटच्या फेरीत 'केस' देणार आहेत म्हणे, लॅपटॉप तेच देतील. त्यात नेमकं काय असतं? कोणी या कामात असेल तर प्लीज सांगा.

किराणाबाई
पोटली, आयडी बघूनच लॉगिन केलं. मी अशाच योजनेतून आत आले आणि आता डाळी, तांदूळ, पिठं, पोहे बघते. कंपनीचं नाव लिहीत नाही. ठाण्याला राहते, मूळची वाशीमची, म्हणजे तुरीशी जुनं नातं. थोडं लांबेल, चहा घेऊन बस.

आधी मामांचं. दुकानातले सहा महिने म्हणजे कमी पगारातले जादा हात, हे काही ठिकाणी खरं असतं. त्या सहा महिन्यांत तुला कुठे कुठे फिरवणार हे कागदावर आहे का, ते विचार. गाडी उतरवून घेण्याची जागा, शेल्फ, बिलिंग, रात्रीची स्टॉक मोजणी, एक्स्पायरी काढणं, गिऱ्हाइकाने परत आणलेला माल. हे सगळं असेल तर खुशाल जा. "स्टोअर मॅनेजर ठरवतील" असं उत्तर आलं तर मामा बरोबर.

आता हे कशासाठी ते सांगते. विक्रीचा रिपोर्ट फक्त विकलेलं दाखवतो. माल नव्हता म्हणून हात हलवत गेलेलं गिऱ्हाईक त्यात नसतं. आषाढीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला साबुदाणा संपला, तर रिपोर्टला एवढंच कळतं की त्या दिवशी अमुक किलो गेला. पुढच्या वर्षी मुख्यालयात बसलेला बायर तोच आकडा धरून मागवतो आणि साबुदाणा पुन्हा सहाला संपतो. बहुतेक साबुदाणा येतो तमिळनाडूतल्या सेलम भागातून, तो काही वाशीहून रिक्षात टाकून आणता येत नाही. त्या संध्याकाळी तू रिकाम्या रॅकपाशी उभी असशील आणि चार बायकांनी तुला "कधी येणार?" म्हणून झापलेलं असेल, तर पुढे आयुष्यभर तू साबुदाण्याची ऑर्डर डोळे मिटून देणार नाहीस.

आणि गावोगावचं खाणं. ठाण्याच्या दुकानात कुळीथ आणि उकडा तांदूळ नसला की कोकणातली माणसं तोंडावर बोलून जातात. पुण्यात इंद्रायणी हवाच. सोलापुरात ज्वारी मागच्या कोपऱ्यात ठेवलीस तर मॅनेजरच फोन करेल. सगळ्या दुकानांना एकच यादी लावणारा बायर मी पाहिलाय. हुशार होता, पण दुकानात कधी उभा राहिला नव्हता.

यार्डाचं ज्ञान. ते तुझं भांडवल आहे, आणि सुरुवातीला तेच तुला आडवं येईल. डाळीच्या प्रतींमध्ये फटका म्हणजे काय, सव्वा नंबर म्हणजे काय, ओल्या मालाला कडता (वजनातली कपात) का लागतो, हे आमच्याकडे चांगल्या कॉलेजातून आलेल्या मुलांना महिनोन् महिने शिकवावं लागतं. तुला ते घरबसल्या येतं. पण आडतीवर पहिला प्रश्न "आज भाव काय?" हा असतो. आमच्याकडे तो तिसरा. आधी किती लागणार, मग कधी लागणार, आणि मग भाव.

उदाहरण घे. तूर निघते डिसेंबर-जानेवारीत, आवक मार्चपर्यंत जोरात असते. यार्डातला माणूस म्हणेल, भाव पडलाय, भरून ठेवा. रोज ५ टन तूरडाळ विकणारी साखळी धर. वर्षाची डाळ भरायची तर पैसा अडकतो, गोदाम अडकतं, आणि पावसाळ्यात भुंगेरे लागतात ते वेगळंच. शिवाय सरकार. जून २०२४ मध्ये केंद्राने तूर आणि हरभऱ्यावर ३० सप्टेंबरपर्यंत साठामर्यादा लावली होती. साखळी दुकानांना दर दुकानामागे ५ टन आणि डेपोत २०० टन. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या साखळीचा डेपो काठोकाठ भरला तरी चाळीस दिवसांचा माल. त्यात म्यानमार आणि आफ्रिकेतून येणारी तूर. आफ्रिकेचा माल साधारण सप्टेंबरपासून बंदरात लागतो, त्याच सुमारास इथे सणांची मागणी. हे सगळं समोर ठेवून दर आठवड्याला "आता किती" हे ठरवणं म्हणजे आमचं काम. बाबांना सांग, सौदा शेवटच्या दहा मिनिटांत होतो, त्याआधीचे चार दिवस नुसती आकडेमोड.

आता केस. बहुतेक ठिकाणी एक एक्सेल शीट देतात: वीस-पंचवीस वस्तू, विक्री, स्टॉक, मार्जिन. त्यातल्या चार काढा, दोन नव्या घाला आणि कारण सांगा. इथे बहुतेक जण मार्जिनच्या टक्क्यांवर भाळतात. पोह्यांचे दोन पुडे घे. एक ६० रुपयांचा, मार्जिन २४ टक्के, आठवड्याला १० जातात. दुसरा ५० रुपयांचा, मार्जिन १२ टक्केच, पण ९० जातात. पहिल्यातून आठवड्याचे १४४ रुपये सुटले, दुसऱ्यातून ५४०. म्हणून लगेच पहिला काढून टाकू नकोस. तो नाचणीचे पोहे असेल आणि तो घेणारं गिऱ्हाईक दर वेळी दोन हजारांचं बिल करत असेल, तर तो राहिला पाहिजे. ही शंका तू तोंडाने बोलून दाखवलीस की समोरचे सरसावून बसतात. आकडा बरोबर आला की नाही यापेक्षा ते हेच बघत असतात.

जीएसटी विसरू नकोस. २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे. १६० रुपयांना विकलेल्या पुड्यातले आपल्या हातात १५२ रुपये ३८ पैसे. खरेदी कर सोडून १३५ असेल तर मार्जिन ११.४ टक्के. घाईत १६० मधून १३५ वजा करून साडेपंधरा टक्के सांगणारे दर वर्षी निम्मे तरी असतात. आणि १०० ला घेऊन १२५ ला विकलं तर मार्जिन २० टक्के, २५ नाही, कारण ते विक्रीच्या किमतीवर काढतात. बी.कॉम. आहेस, तुला हे येतं, पण त्या खोलीत येतंच असं नाही.

अजून एक. लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय. तू लातूरची म्हटल्यावर कोणीतरी हमखास विचारेल की ही डाळ आमच्या कुठल्या दुकानात ठेवशील, केवढ्या पुड्यात, किती किमतीला, आणि नाही खपली तर काय करशील. याचं उत्तर घरून घेऊन जा. "सगळ्या दुकानांत ठेवू" हे उत्तर चुकीचं आहे.

एमबीएचं माझं मत: आत्ता नको. एमबीएवाले थेट वरच्या पायरीवर येतात हे खरं, तुला तिथे पोचायला एक-दोन वर्षं जास्त लागतील. पण फी भरून ज्या मुलाखतीपर्यंत पोचायचं, त्या मुलाखतीला तू परवा जाते आहेस.

नियमावली
वरचं सगळं ठीक, पण ऑफर लेटर आलं की आधी एक बघ. तुला 'ट्रेनी' म्हणून नोकरीवर घेतायत की ॲप्रेंटिसशिप कायद्याखाली? १९६१ च्या त्या कायद्याखाली घेतलेला माणूस शिकाऊ असतो, कामगार नसतो. पीएफ कापला जात नाही, आणि मुदत संपल्यावर कायम करायचंच असं कायदा कंपनीला सांगत नाही, ते कंपनीच्या धोरणावर राहतं. वाईट आहे असं नाही, चांगल्या कंपन्या तिथूनच पुढे घेतात. पण दीड वर्षाने धक्का नको.

दुसरं, बाँड. मधेच सोडलं तर किती भरायचे, आणि मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणार असतील तर देऊ नकोस. तिसरं, ट्रेनिंगनंतर पोस्टिंग कुठे. "खरेदी विभागात जागा असल्यास" अशी ओळ असेल तर मुलाखतीतच विचार की मागच्या तुकडीतले किती जण खरेदीत गेले.

गिरणीवाला
मी टेबलाच्या पलीकडचा. अकोल्याला डाळमिल आहे, तीन साखळ्यांना माल देतो. किराणाबाई बरोबर बोलल्या, आता आमची बाजू ऐका.

नवा ट्रेनी बायर फोनवर पहिल्या वाक्यात ओळखू येतो. "तुमचा बेस्ट रेट काय?" अरे बापा, कशाचा? कुठली तूर, किती तुकडा, पॉलिश की बिनपॉलिश, पुडा तुझा की माझा, गाडीभाडं कोणाचं, पैसे किती दिवसांनी? यातलं एकही न ठरवता रेट मागतो आणि मग दुसऱ्या मिलचा रेट सांगून मला दोन रुपये उतरायला लावतो. मी उतरतो. मग माल त्या दोन रुपयांच्या लायकीचाच जातो.

पोरी, तू हे हिशोबाने कर. क्विंटलभर तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ निघते. तूर ७,५०० ला पडली आणि ७२ किलो उतारा धरला तर नुसत्या कच्च्या मालाचेच किलोला १०४ रुपये झाले. त्यातून चुनी-सालीचे पैसे वजा कर, त्यालाही गुराच्या खाद्यात भाव आहे. मग दळाई, बारदान, भाडं, माझा नफा. हे गणित मांडून जो बायर बोलतो त्याच्याशी मी खोटं बोलू शकत नाही, आणि त्याला बोलायची गरजही पडत नाही. यार्डात तू उतारा ऐकलाच असशील.

पैशाचं म्हणशील तर, एका साखळीने माझे पैसे चार महिने अडकवले होते. नाव घेत नाही. आता लहान उद्योगांसाठी नियम कडक झालाय. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. २०२३-२४ पासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर देईपर्यंत तो खर्च आयकरात धरू देत नाहीत, म्हणून कंपन्या जाग्या झाल्या. पण हे माझ्यासारख्या उत्पादकाला, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. तुझ्या बाबांच्या मालकाला याचा उपयोग नाही, हे लक्षात ठेव. याच्या उलट डीमार्ट. ते पैसे लवकर देतात आणि त्या बदल्यात भाव घट्ट लावून घेतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. वेळेवर पैसा हाही रेटचाच भाग आहे, हे शिकलीस तर मोठी बायर होशील.

आणि दिवाळीला मिठाईच्या डब्याखाली पाकीट पाठवणारे भेटतील. डबा ऑफिसात सगळ्यांसमोर फोड.

यॉर्कशायरची सून
गिरणीवाले काका, तुमचं चार महिन्यांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी लीड्सला असते. इथे लीड्स-ब्रॅडफर्ड भागात दोन मोठ्या सुपरमार्केटांची मुख्यालयं आहेत, त्यामुळे हे काम करणारी माणसं शेजारीपाजारी भेटतात. मीही खाद्यपदार्थांच्या खरेदीत सहायक आहे.

इकडे 'ग्रॅज्युएट स्कीम' ही जुनी रीत आहे. अर्ज बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतात आणि काम सुरू होतं पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात. ऑनलाइन चाचण्या, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ, मग दिवसभराचं असेसमेंट सेंटर: गटात चर्चा, आकड्यांचा एक प्रश्न, आणि तुमच्यासमोर 'पुरवठादार' बनून बसलेला कंपनीचाच माणूस. तो मुद्दाम चिडतो. पोटली, तुमच्याकडेही असा खेळ ठेवतील कदाचित. त्याच्यावर आवाज चढवायचा नाही आणि पहिल्याच झटक्यात होही म्हणायचं नाही. "माझ्याकडून जादा मालाची हमी दिली तर तुम्ही काय सोडाल?" असं काहीतरी देवाणघेवाणीचं बोलायचं.

मला इथे सगळ्यात वेगळी वाटलेली गोष्ट म्हणजे पुरवठादारांशी वागण्याची संहिता. २०१० पासून मोठ्या किराणा साखळ्यांना ती लागू आहे आणि २०१३ च्या कायद्याने त्यावर एक स्वतंत्र निवाडा अधिकारी बसवला. ठरलेल्या अटी मागाहून बदलायच्या नाहीत, पैसे उशिरा द्यायचे नाहीत, पुरेशी सूचना न देता कोणाचा माल बंद करायचा नाही. मोडलं तर कंपनीला इथल्या उलाढालीच्या एक टक्क्यापर्यंत दंड होऊ शकतो. खरेदीतल्या प्रत्येकाला दर वर्षी याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आमच्याकडे पुरवठादाराशी फोनवर काही ठरलं की त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवायची शिस्त आहे. ही सवय तिकडेही लावून घे, कोणी सांगो न सांगो.

ता. क. हे वाचून कोणी इकडे यायचे बेत करत असेल तर: मी नवऱ्याच्या व्हिसावर आले. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे आणि खरेदीतल्या पहिल्या पायरीचे पगार त्याच्या बरेच खाली असतात. शिकायला येऊन मग बघू, असं म्हणून कर्ज काढू नका.

पोटली
बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे मनापासून आभार.

कंपनीला ईमेल केला. दुकानातल्या सहा महिन्यांचं वेळापत्रक त्यांनी लगेच पाठवलं, आठवड्यांसकट. माल उतरवणं आणि स्टॉक मोजणी दोन्ही आहे. बाँड नाही. मागच्या तुकडीचं विचारलं तर म्हणाले, मुलाखतीला बोलू.

गिरणीवाले काका, उताऱ्याचं गणित बाबांना दाखवलं. ते म्हणाले, ७२ चांगल्या मिलचा, सगळ्यांचा येत नाही. आणि किराणाबाई, "शेवटच्या दहा मिनिटांत सौदा" वाचून हसले. आता त्यांचा नवा प्रश्न आहे: ते दहा मिनिटंही ट्रेनीला बोलू देतात का?

बोरसुरीवर मी असा विचार केलाय: लातूर, पुणे आणि ठाण्यातली मिळून सात-आठ दुकानं, फक्त अर्ध्या किलोचा पुडा. बरोबर वाटतं का?

किराणाबाई
बाबांना सांगा, पहिलं वर्ष नाही. ट्रेनी कोपऱ्यात बसून लिहून घेते. बायर आणि मिलवाले बोलत असतात आणि मधेच बायर तिच्याकडे वळून विचारतो, "आपला स्टॉक किती दिवसांचा?" तो आकडा त्या क्षणी तोंडावर हवा. ज्यांना तो शोधायला लॅपटॉप उघडावा लागतो त्यांना पुढे बोलायला उशिरा मिळतं. भावावर सही असते कॅटेगरी मॅनेजरची, आणि एका रकमेच्या वर गेलं की त्याच्याही वरच्याची.

बोरसुरी: अर्ध्या किलोचा पुडा बरोबर, महाग माल लोक आधी चाखून बघतात. पण लातूरचं दुकान काढ. तिथला माणूस ती डाळ ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतो, तो पॅकबंद पुड्याला जादा पैसे देणार नाही. पुण्या-मुंबईत राहणारा लातूरकर देईल. त्यामुळे दुकानं निवडताना मराठवाड्यातली माणसं कुठल्या भागात राहतात ते बघ, पिंपरी-चिंचवडपासून सुरुवात कर. आणि तिसऱ्या महिन्यात अमुक इतके पुडे गेले नाहीत तर बंद करू, हा आकडा आधीच लिहून ने. तो ऐकायला त्यांना आवडतं, कारण माल आणायला सगळे तयार असतात, काढायची वेळ आली की कोणी पुढे येत नाही.

मागच्या तुकडीचं मुलाखतीत पुन्हा विचार, विसरले असतील असं समजून. सोबत साधा कॅल्क्युलेटर ने, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर एक्सेलचे शॉर्टकट ऐन वेळी दगा देतात. आणि काय विचारलं ते फेरी झाल्यावर इथेच टाक, पुढच्या वर्षी हाच प्रश्न घेऊन कोणीतरी येणारच आहे.